दुभत्याचे कपाट दिवाणखान्यात शोभेल का?

वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात: सातारा जिल्ह्यातला सासरचा जुना वाडा वाटण्या होऊन विकला गेला. आमच्या वाट्याला दुभत्याचे, म्हणजे दूध-दही ठेवण्याचे जाळीदार सागवानी कपाट, वेताची शिसवी आरामखुर्ची, तांब्याचे मोठे घंगाळ, पितळी कड्यांचा झोपाळा, दोन घोंगड्या आणि आजेसासूबाईंनी शिवलेल्या चार गोधड्या आल्या. पुण्यात आम्ही ६८० चौरस फुटांचा नवा फ्लॅट घेतला आहे. फरशी फिकट करड्या व्हिट्रिफाइड टाइल्सची आहे आणि भिंती पांढऱ्या आहेत. इंटिरिअरचे काम पाहणाऱ्यांनी घरभर चकचकीत पांढरे लॅमिनेट सुचवले आहे. जुने कपाट ठेवायचेच असेल तर त्यावरही तेच लॅमिनेट चढवू, नाहीतर सगळे नवे फर्निचर सागवानी छापाच्या लॅमिनेटमध्ये करू, म्हणजे मॅच होईल, असे ते म्हणतात. पतींना जुने काहीच नको आहे. सासरे ७८ वर्षांचे आहेत. ते काही बोलत नाहीत, पण येता-जाता कपाटावरून हात फिरवतात. वस्तू टाकवत नाहीत आणि ठेवल्या तर घर जुन्या बाजारासारखे दिसेल अशी भीती वाटते. लाकूड, तांबे, लोकर, काच आणि टाइल एकाच खोलीत कसे नांदवायचे?

सप्रेम नमस्कार.

तुमचे मूळ पत्र मी दोनदा वाचले. त्यात ‘मॅच’ हा शब्द सहा वेळा आला आहे आणि ‘हात’ हा शब्द एकदाच, तोही सासऱ्यांच्या संदर्भात. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या एका ओळीत आहे. घरातल्या जिन्नसांची निवड आपण बहुतेक वेळा फोटो पाहून करतो, म्हणजे डोळ्यांनी करतो. घरात राहतो मात्र तळपायांनी, तळहातांनी, पाठीने आणि कानांनीही. सासरे कपाटावरून हात फिरवतात तेव्हा ते आठवणी काढत असतील हे खरेच, पण त्या हाताला त्या लाकडाचा स्पर्शही आवडतो आहे, आणि हा स्पर्श नव्या घरात कुठे-कुठे मिळेल हे ठरवणे म्हणजेच निरनिराळ्या जिन्नसांचा मेळ घालणे.

सगळे एकसारखे असले की घर नीटनेटके दिसते, हे तुमच्या पत्रातले पहिले गृहीतक आहे. ज्या वाड्यातून या वस्तू आल्या तो आठवून पाहा. अशा वाड्यांचे जोते घडीव काळ्या दगडाचे असे, त्यावरच्या भिंती विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या, खांब आणि तुळया सागवानी, माथ्यावर कौले, आणि आतली जमीन शेणाने सारवलेली. त्यात ‘मॅच’ असे काहीच नव्हते, तरीही कोणाला तो वाडा विस्कळीत वाटला नाही, कारण प्रत्येक जिन्नस आपल्या कामाच्या जागी होता. सागवानी खांब थेट जमिनीत पुरत नसत. तो दगडी तळखड्यावर उभा करत, कारण जमिनीची ओल लाकडात चढली तर खांब खालून कुजतो. दगड आणि लाकूड तिथे एकमेकांना टेकतात ते ओलीपासून बचाव व्हावा म्हणून, आणि तीच जोडणी पाहायला देखणी वाटते. पुण्यात राहणारच आहात, तर एखाद्या सकाळी सगळ्यांनी मिळून विश्रामबागवाड्यापाशी जा. १८०७ साली उभ्या राहिलेल्या त्या वास्तूच्या दर्शनी भागात कोरीव सागवानी खांब आहेत. ते खाली कशावर उभे आहेत आणि वर कशाला जाऊन भिडतात एवढेच पाहून या.

‘जुन्या बाजारासारखे दिसेल’ ही भीती मात्र मी हलक्यात घेणार नाही, कारण तसे दिसलेली घरे मीही पाहिली आहेत. पण तिथे काय बिघडलेले असते? वस्तू निरनिराळ्या असतात यामुळे बिघडत नाही. त्यांना काम नसते म्हणून बिघडते. कोपऱ्यात बंब, त्याच्या डोक्यावर अडकित्ता, भिंतीवर चार कुलपे, टीपॉयवर खलबत्ता आणि त्यात प्लॅस्टिकची फुले, अशी मांडणी केली की प्रत्येक वस्तू ‘मला पाहा’ म्हणत उभी राहते आणि खोलीत बसायला आलेल्या माणसाला कुठे नजर ठेवावी हे कळत नाही. तुमच्या यादीतली प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारा, की या घरात हिच्याकडे कोणते काम असेल? ज्या वस्तूला काम सापडेल ती दर्शनी भागात येईल. जिला सापडणार नाही ती नीट गुंडाळून माळ्यावर ठेवा किंवा जिच्या घरात तिला काम आहे अशा नणंदेला, जावेला द्या. सगळ्याच वस्तू ठेवल्या तरच निष्ठा, असे समजू नका.

आता कपाटाविषयी, कारण खरा पेच तिथेच आहे. दुभत्याच्या कपाटाला जाळी असते ती दूध, दही, लोणी यांना वारा लागावा आणि मांजराचे तोंड पोहोचू नये म्हणून. त्यावर लॅमिनेट चढवायचे तर आधी जाळी बंद करावी लागेल, मग वर्षानुवर्षांच्या वापराने गुळगुळीत झालेला पृष्ठभाग घासून खरखरीत करावा लागेल, कारण त्याशिवाय चिकटवण धरत नाही. हे काम एकदा झाले की मागे फिरता येत नाही. पुढे कधी लॅमिनेट सोलले तर खाली जे लाकूड निघेल त्यावरून सासऱ्यांचा हात पुन्हा तसा फिरणार नाही. हा पर्याय तुम्ही बाजूला ठेवावा असे मी स्पष्टपणे म्हणेन.

सागवानी छापाचा पर्यायही मला पटत नाही, पण त्याचे कारण वेगळे आहे. खऱ्या सागाच्या दोन फळ्या कधीही सारख्या नसतात, आणि छापील लॅमिनेटमध्ये ठरावीक अंतरावर तीच रेघ, तोच डोळा पुन्हा येतो. एरवी हे कोणाच्या लक्षातही येत नाही. परंतु शेजारी खरे सागवान उभे असले की नजर नकळत तुलना करते आणि नवे खोटे वाटू लागते, जुने मळकट. दोन जिन्नस शेजारी ठेवताना ते एकतर अगदी एकच असावेत किंवा उघडपणे वेगळे असावेत. जवळजवळ सारखे असणे हे सर्वांत वाईट. कपाटाचे सागवान आणि खुर्चीचा शिसव एकमेकांना बाधत नाहीत ते यामुळेच: साग सोनेरी-तपकिरी, शिसव काळपट-जांभळ्या झाकेचा, आणि कोणी कोणाची नक्कल करत नाही.

म्हणून नव्या फर्निचरला लाकूड होऊ देऊ नका. वॉर्डरोब, टीव्हीचे युनिट, किचनचे कप्पे साध्या एकरंगी मॅट लॅमिनेटमध्ये करा. रंग भिंतीच्या जवळचा, पण शुभ्र पांढऱ्यापेक्षा किंचित उबदार, ताकासारखा घ्या. चकचकीत पांढऱ्यावर बोटांचे ठसे आणि बारीक ओरखडे फार उठून दिसतात आणि समोरच्या खिडकीचे प्रतिबिंब पडून खोलीत डोळ्यांना विसावा उरत नाही. लॅमिनेटचा रंग निवडण्यात जेवढा वेळ घालवाल त्याच्या निम्मा तरी खालच्या प्लायवूडची चौकशी करण्यात घालवा. सिंकखालच्या आणि बाथरूमच्या भिंतीला लागून असलेल्या कप्प्यांसाठी आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेले मरीन, म्हणजे पाण्याला टिकणारे, प्लाय मागा. कोरड्या खोल्यांना आयएस ३०३ चे चालते.

कपाट घरात आणण्यापूर्वी ते आडवे करून त्याचे पाय खालून पाहा. मुंग्या चढू नयेत म्हणून अशा कपाटांचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत असत, त्यामुळे वरचे लाकूड ठणठणीत असले तरी पायांची टोके भुसभुशीत झालेली असू शकतात. सुतार तेवढा भाग कापून नव्या सागाचे तुकडे जोडून देतो आणि त्यावर पितळी टोपणे बसवली की उंचीही भरून येते. लाकडात टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रे दिसली आणि खाली बारीक पीठ सांडलेले आढळले तर आत जिवंत कीड आहे. तिचा बंदोबस्त झाल्याशिवाय कपाट नव्या घरात आणू नका, कारण ती तुमच्या नव्या प्लायकडेही वळू शकते.

पॉलिशच्या बाबतीत मी स्वतः एक चूक केली आहे आणि ती अजून मला बोचते. माझ्या माहेरचा एक सागवानी पाट मी हौसेने चकचकीत मेलमाईन पॉलिश करून घेतला. पॉलिश करणाऱ्याचा काही दोष नव्हता. मीच चकाकी मागितली होती. पाट घरी आला तो सुंदर दिसत होता, पण त्यावर बसल्यावर लाकडाचा गारवा लागेना आणि बोटाने चाचपले तर रेषा लागेनात, वर काचेसारखा थर बसला होता. तुम्ही कपाट आधी ओलसर फडक्याने पुसून, पूर्ण वाळवून, जवसाचे तेल अगदी थोडे चोळून पाहा, आणि दोन-तीन आठवड्यांनी मधमाश्यांच्या मेणाचा हात द्या. बरेचदा एवढ्याने काम भागते. एक सावधगिरी सर्वांनीच लक्षात ठेवावी: जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कचऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि अशा बोळ्यांना आपोआप आग लागल्याच्या घटना घडतात. फडकी पाण्यात भिजवून, उघड्यावर पसरून वाळू द्यावीत आणि मगच टाकावीत.

कपाटाचे काम काय? जाळीमुळे आतल्या वस्तू पुसट दिसतात आणि हवा खेळती राहते. जेवणाच्या टेबलाजवळ रोजची ताटे-वाट्या, पाहुण्यांचे कप, लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या त्यात राहू शकतील. पांढऱ्या बरण्या, करडी टाइल आणि सागवानी चौकट एवढ्याने त्या भिंतीचे काम होते. तिथे आणखी काही टांगण्याची गरज नाही.

तुमचा नवा फ्लॅट अजून रिकामा असेल, तर आत जाऊन एकदा टाळी वाजवून बघा. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी, आणि तितकीच ती आवाजही परतवते. टाइल, काच, पांढरी भिंत आणि चकचकीत दारे अशा चारही बाजूंनी टणक खोलीत बोलणे घुमते, आणि ऐकू कमी येणाऱ्या वडीलधाऱ्यांना तो घुमारा फार त्रासदायक होतो. पोत म्हणजे केवळ दिसण्याची बाब नव्हे, हे इथे कळते. या खोलीला तुमच्या घोंगड्यांची खरी गरज आहे.

घोंगडी जवळून पाहिली आहे का? दख्खनी मेंढीच्या लोकरीचे जाड सूत, काळ्यात मिसळलेले तपकिरी आणि करडे केस, मध्येच एखादा पांढरा. विणताना सुताला चिंचोक्याची खळ देतात म्हणून नवी घोंगडी ताठ असते आणि वापराने मऊ पडते. तिचा करडा रंग तुमच्या टाइलच्या करड्या रंगाशी आपोआप जुळेल, आणि दोघींचा पोत इतका विरुद्ध आहे की एकमेकींमुळे दोन्ही खुलतील: एक गुळगुळीत आणि थंड, दुसरी खरबरीत आणि ऊबदार. एक घोंगडी बैठकीखाली अंथरा आणि दुसरी सोफ्यामागच्या भिंतीवर लाकडी दांड्याला टांगा. अंथरलेल्या घोंगडीखाली मात्र न घसरणारी रबरी जाळी अवश्य टाका. गुळगुळीत टाइलवर सैल अंथरूण म्हणजे ७८ वर्षांच्या माणसासाठी पडण्याचे आमंत्रणच, आणि या एका बाबतीत हयगय नको. लोकरीला कसर लागते, म्हणून पावसाळा संपल्यावर कडक ऊन दाखवून, झटकून घ्यायला विसरू नका.

गोधड्या काचेच्या चौकटीत लावण्याची कल्पना तुमच्या पत्रात आहे, पण तो मोह आवरा असे सुचवते. जुन्या लुगड्यांचे थर आणि त्यांना एकत्र धरून ठेवणारा धावदोरा, या दोहोंमुळे गोधडीला जी उंच-सखल कांती येते ती काचेआड सपाट होते. जी सर्वांत जीर्ण आहे तेवढी मलमलीत गुंडाळून ठेवा. बाकीच्या तीन पलंगाच्या पायथ्याशी, सोफ्याच्या पाठीवर आणि सासऱ्यांच्या अंगावर असू द्या.

घंगाळाविषयी एक वेगळीच गोष्ट सांगावीशी वाटते. त्याच्या अंगावर बारीक खळग्यांची ओळ असेल तर ते मठारकाम आहे. तांबे मऊ असते. हातोडीचे ठोके एकाशेजारी एक पडत गेले की ते घट्ट होते, म्हणून भांड्याला सहज पोचे पडत नाहीत. पुण्यात कसबा पेठेतली तांबट आळी याच कामासाठी प्रसिद्ध आहे. म्हणजे जी नक्षी आपण शोभेची समजतो ती मजबुतीची खूण आहे. प्रत्येक खळगा प्रकाशाचा एक ठिपका धरतो, त्यामुळे घंगाळ खिडकीच्या बाजूला, जिथे तिरपे ऊन येते तिथे ठेवा. त्यात थेट माती भरून झाड लावू नका, आत वेगळी कुंडी ठेवा. आणि चिंच-मीठ लावून दर आठवड्याला लखलखीत करण्याचे व्रतही घेऊ नका. काळसर-तपकिरी झाक आलेले तांबे पांढऱ्या भिंतीपुढे अधिक शांत दिसते. ही माझी आवड झाली. लखलखीत तांब्यात तुम्हाला सणासारखे वाटत असेल तर खुशाल घासा. मात्र खोलीत धातू एकाच घराण्यातले असू द्या. तांबे आणि पितळ शेजारी नांदतात; त्यात क्रोमची मूठ, सोनेरी मुलाम्याचे झुंबर आणि काळ्या लोखंडाचे टेबल आले की गलका होतो.

इंटिरिअरच्या आराखड्यात तुम्ही पीओपीचे छत आणि सर्वत्र पांढरे एलईडी पॅनेल लिहिले आहेत. हा भाग बदलून घ्या, कारण यात खर्च वाढणार नाही आणि फरक सर्वांत मोठा पडेल. छतातून सरळ खाली पडणारा ६५०० केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचे माप) निळसर पांढरा प्रकाश सावल्या पुसून टाकतो, आणि पोत तर दिसतो सावलीमुळे. लोकरीचा केस, लाकडाची रेषा, धावदोऱ्याचा टाका हे सगळे बाजूने येणाऱ्या प्रकाशातच उमटते. ओट्यावर आणि अभ्यासाच्या टेबलावर पांढरा प्रकाश असू द्या. बैठकीत २७०० ते ३००० केल्विनचे पिवळसर दोन-तीन दिवे भिंतीलगत, नजरेच्या उंचीवर लावा. नमुनेही दुकानाच्या प्रकाशात पसंत करू नका. लॅमिनेटचा तुकडा, पडद्याचे कापड, घोंगडीची कड आणि एखादे तांब्याचे भांडे तुमच्याच खोलीत, तुमच्याच टाइलवर एकत्र ठेवा आणि सकाळी, दुपारी चारला आणि दिवे लागल्यावर अशा तिन्ही वेळी पाहा. जो तुकडा तिन्ही वेळा खटकेल तो काढा.

आता तुमच्या पतींविषयी. त्यांचा विरोध हा केवळ आधुनिकतेचा हट्ट आहे, असा तुमच्या लिहिण्यातून सूर येतो. मला तशी खात्री वाटत नाही. वाड्यात वाढलेल्या माणसाच्या मनात कोरीव खांबांबरोबर अंधाऱ्या खोल्या, गळती, वाळवी आणि वाटण्यांची भांडणेही असतात. नवे, पांढरे, एकसलग घर हवे असणे म्हणजे त्या सगळ्यातून सुटल्याचा निःश्वास असू शकतो. ‘तुम्हाला जुन्याची किंमत नाही’ असे म्हटले की तो विषय तिथेच संपतो. त्याऐवजी त्यांना विचारा की वाड्यातल्या कोणत्या वस्तूला त्यांचा रोज हात लागत असे. कदाचित ती तुमच्या यादीतली नसेलही. आणि घराचा काही भाग, समजा त्यांची अभ्यासाची खोली किंवा बेडरूम, पूर्णपणे त्यांच्या मनासारखा साधा, नवा, एकरंगी होऊ द्या. खरबरीत आणि गुळगुळीत यांचा समतोल प्रत्येक खोलीत सारखाच हवा असा काही नियम नाही.

झोपाळ्याबद्दल थोडक्यात: तो पीओपीला किंवा स्लॅबला अंदाजाने भोक पाडून टांगू नका. कड्या तुळईत कुठे आणि कशा बसवता येतील हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून, सोसायटीची परवानगी घेऊन ठरवा. तसे जमले नाही तर त्याच्या फळीचे खिडकीखाली बाक करता येते, आणि कड्या तेल लावून जपून ठेवता येतात.

ज्यांना वारशात असे काही मिळालेले नाही किंवा जे भाड्याच्या घरात आहेत, त्यांनी मुद्दाम जुने दिसणारे फर्निचर विकत घेण्याच्या भरीस पडू नये. बुरडाकडची एक मोठी टोपली, सोलापुरी चादर, मातीचा माठ आणि भिंतीलगत एक पिवळा दिवा एवढ्यानेही टणक खोली निवळते, आणि घर बदलताना हे सारे एका टेम्पोत मावते. थंड देशांत राहणाऱ्या वाचकांनी सागवानी वस्तू हीटरपासून लांब ठेवाव्यात, कारण हिवाळ्यात तापवलेल्या कोरड्या हवेने लाकडाला चिरा जातात. इथल्या वाचकांना उलटी काळजी: तागाचे गालिचे पावसाळ्यात ओल धरतात आणि कुबट वास येतो, म्हणून ते बाहेरच्या भिंतीला चिकटवून अंथरू नयेत. ओट्यासाठी कोटा, शहाबादी किंवा कडप्पा घेण्याचा विचार असेल तर हे चुनखडीचे दगड आहेत हे ध्यानात ठेवावे. त्यांवर लिंबू, चिंच, कोकम सांडले की पांढुरके चट्टे पडतात. बाल्कनीत मात्र खडबडीत शहाबादीसारखी फरशी नाही; ओल्या पायाला ती धरून ठेवते.

शेवटची गोष्ट तुमच्या आरामखुर्चीची. वेत झोळ पडून सैल झाला आहे असे तुम्ही लिहिता आणि नवा फोम बसवावा का असे विचारता. वेत तुटलेला नसेल तर थांबा. खुर्ची उलटी करा, विणीच्या खालच्या बाजूला कोमट पाण्यात भिजवलेले फडके लावून अर्धा तास ठेवा, आणि मग सावलीत एक रात्र वाळू द्या. वाळताना वेत आखडतो आणि पुष्कळदा पुन्हा ताणून बसतो. ती कुठे ठेवायची हे तुम्ही दोघांनी ठरवू नका आणि आराखड्यातही दाखवू नका. राहायला गेल्यावर पहिल्या संध्याकाळी सासऱ्यांनाच विचारा, ते म्हणतील त्या खिडकीशी ठेवा, आणि बाकीची बैठक तिच्याभोवती लावा.